डावीकडचं स्टिअरिंग

कुठल्याशा ओहायोत ती जन्मली
हे तिच्या पत्र्याच्या पाटीवर लिहिलेलं होतं,
सन एकोणीसशे चाळीस आणि काहीतरी,
शेवटचा आकडा गंजानं खाल्लेला.
लढाई ब्रह्मदेशची असणार, असं सुभेदार नलावडे म्हणायचे,
कारण चिखल दिसला की हिचा आवाज बदलतो.

अडुसष्ट साली खडकीच्या लिलावात
सतरा जणींच्या रांगेत ती उभी, चाकांत गवत.
बाबा गेले होते लोखंडी कपाट बघायला.
स्कूटरला नंबर लावून तीन वर्षं झाली होती,
अजून चार तरी लागणार होती.
संध्याकाळी ते घरी आले ते वानवडीपर्यंत ढकलत,
आणि आई म्हणाली, हिच्यात कपडे कुठे ठेवायचे?

दारं नव्हती.
टाकी ड्रायव्हरच्या बुडाखाली, काटा मेलेला,
सीट उचलून बांबूची कांब बुडवायची
आणि ओल कुठवर आली ते बोटानं मोजायचं.
वायपर हातानं.
पुढची काच बॉनेटवर आडवी पडायची,
मग दिवेघाटातला वारा आणि चिलटं थेट दातांत.

नाना पेठेतला दस्तगीर मिस्त्री
वर्षातून सहा महिने तिचा, सहा महिने आमचा.
त्र्याऐंशीत पेट्रोल झेपेना तेव्हा त्यानं डिझेल इंजिन बसवलं,
रेडिएटर मॅटाडोरचा,
सीटा कुठल्या तरी मोडीत निघालेल्या शाळेच्या बसच्या.
मूळचं काय उरलं, असं कुणी विचारलं
की बाबा समोरच्या जाळीच्या फटी मोजून दाखवायचे: नऊ.
तिच्या नंतरच्या बहिणींना सातच.
आणि स्टिअरिंग. ते डावीकडेच राहिलं.

स्टिअरिंग डावीकडे म्हणजे
बाबांना दिसायची गटारं, सायकली, रसवंतीच्या पाट्या.
समोरून काय येतंय ते दिसायचं उजवीकडच्या आईला.
पदर कमरेला खोचून, एक हात दांडीला,
ती अर्धी बाहेर वाकायची:
थांबा. एसटी आहे.
थांबा अजून. मागे एक राजदूत.
हं, काढा.
आणि बाबा काढायचे.
न बघता. पुढे आहे ते फक्त ट्रकचं ढुंगण,
तरी काढायचे.
घरात ज्या दोघांचं मिठावरून पटत नसे
त्यांचं हे.

आई गेली त्या वर्षी
सासवडहून परत येताना बाबा एका कांद्याच्या ट्रकमागे लागले
आणि हडपसरपर्यंत त्याच्यामागेच राहिले.
मी मागच्या बाकावर. फळीवरचं वजन, परमिटचा नंबर,
सगळं पाठ झालं माझं.
बाबा, पुढे या ना उजवीकडे, असं ते म्हणाले नाहीत,
मीही म्हटलं नाही.
फुरसुंगीच्या फाट्यावर ट्रक वळला
तेव्हा त्यांनी उगीच हॉर्न दिला.

आता पाटीवर अजून तीन आकडे गेलेत.
दर वेळी आरटीओत चेसिसवर कागद धरून
पेन्सिल घासायची, नंबर उमटतो थोडा थोडा,
साहेब म्हणतात, हा आठ आहे की तीन?
मी म्हणते, तुम्हाला जो चालेल तो.

मागच्या रविवारी बाणेरहून एक जण आला, शार्दूल नावाचा,
गुळगुळीत बूट, गाडीची सगळी वंशावळ तोंडपाठ,
मला ठाऊक नसलेलंही बरंच.
टायर किती इंची, कुठल्या कारखान्यात जाळी दाबली,
पार्किंगमध्ये गुडघे टेकून बघितलं त्यानं.
मी म्हटलं, चक्कर मारून या. एकटाच गेला.
पाऊण तासानं आला, कानशिलांवर घाम.
सोलापूर रोडवर म्हणे एका पीएमटीमागे अडकलो,
पुढचं काही दिसतच नाही हो.
बाजूला कुणीतरी लागतं हिला.

लागतं, मी म्हटलं.

मग किमतीचं काही बोलणं झालं नाही.
त्यानं चहा घेतला, कांब हातात घेऊन पाहिली,
वास घेतला तिचा,
आणि जिथे होती तिथे, सीटखाली,
नीट आडवी ठेवून दिली.